सेव्हिलची कार्मेन, खायेलित्शाची बोली

मुंबईत ‘ऑपेरा हाऊस’ हा आधी पत्ता आहे, मग इमारत, आणि ऑपेरा सगळ्यात शेवटी. १९११ साली उघडलेलं हे थिएटर पुढे सिनेमाचं झालं, १९९३ला बंद पडलं, २०१६ला पुन्हा उघडलं. एवढ्या काळात चर्नी रोडला उतरून ‘ऑपेरा हाऊसला जायचंय’ म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी एक तरी ऑपेरा पूर्ण पाहिला असेल? मीही बरीच वर्षं पाहिला नव्हता. जो पहिला पूर्ण पाहिला तो थिएटरात नाही, घरी पडद्यावर. तोही इटालियन किंवा फ्रेंचमध्ये नाही, दक्षिण आफ्रिकेच्या खोसा भाषेतला ‘कार्मेन’.

शेजारी आत्या होती. तिच्या तरुणपणी संगीत नाटकं पहाटेपर्यंत चालायची, त्यामुळे लांबलचक गाण्यांना ती घाबरत नाही. अर्धा तास तिने निमूट पाहिलं आणि मग विचारलं, “म्हणजे गोष्ट स्पेनची, चाल फ्रान्सची, बोलणं आफ्रिकेचं. मग नाटक कुणाचं गं हे?”

तिच्या या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला बरंच मागे जावं लागलं.

आधी ऑपेरा म्हणजे काय ते

ज्या नाटकात पात्रं मुख्यतः गाऊन बोलतात, वाद्यवृंद सतत साथीला असतो आणि गायकाचा आवाज माइकशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागतो, ते नाटक म्हणजे ऑपेरा. संगीत नाटक पाहिलेल्याला त्याची रचना अनोळखी वाटायला नको. पात्र थांबून मनातलं सगळं एका गाण्यात ओततं, त्याला आरिया म्हणतात. हे झालं आपलं नाट्यपद. फरक इतकाच की आपल्याकडे रंगात आलेला गायक ‘वन्स मोअर’वर पद वाढवू शकतो, तिथे प्रत्येक सूर कागदावर लिहून ठेवलेला असतो आणि रचनाकाराने लिहिलं त्याच्या पलीकडे फारसं जाता येत नाही.

रूपांतर करणाऱ्याची खरी अडचण इथेच सुरू होते. नाटकाचं रूपांतर करताना संवाद कापता येतात, प्रसंग हलवता येतात. ऑपेऱ्यात गोष्टीचं वेळापत्रक संगीताने ठरवून टाकलेलं असतं. नायकाने प्रेम कबूल करायला किती वेळ घ्यायचा, हे दिग्दर्शकाच्या हातात नसतं. घर नवीन बांधायचं, पण जुन्या घराचे खांब होते तिथेच ठेवायचे, असा हा प्रकार.

मूळ कार्मेन

आम्ही पाहत होतो तो चित्रपट जॉर्ज बिझे या फ्रेंच संगीतकाराच्या ‘कार्मेन’वरून केलेला. मूळ कथा प्रॉस्पेर मेरिमेची, १८४५ सालची. बिझेचा ऑपेरा पॅरिसमध्ये ३ मार्च १८७५ला रंगमंचावर आला. कुटुंबासह येणाऱ्या तिथल्या प्रेक्षकाला तो पचला नाही. बरोबर तीन महिन्यांनी, ३ जूनला, बिझे वारला. वय ३६. आपला ऑपेरा जगभर गाजणार आहे, हे त्याला कळलंच नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. स्पेनमधल्या सेव्हिल शहरातल्या तंबाखूच्या कारखान्यात कार्मेन काम करते. ती जिप्सी आहे, देखणी आहे आणि कुणाची बांधील नाही. डॉन होसे हा शिपाई तिच्या प्रेमात पडतो, तिच्यासाठी नोकरी सोडतो, चोरट्या व्यापाऱ्यांत जाऊन मिसळतो. गावाकडून मिकाएला नावाची साधी मुलगी त्याच्या आईचा निरोप घेऊन येते. ‘घरी चल’ म्हणणारी ती. कार्मेनचं मन मात्र बैलांशी झुंजणाऱ्या एस्कामियोवर बसतं. शेवटी झुंजीच्या मैदानाबाहेर होसे तिला भोसकतो. आत लोक जल्लोष करत असतात.

खायेलित्शात काय बदललं

दिग्दर्शक मार्क डॉर्नफर्ड-मे याचा हा चित्रपट, ‘उ-कार्मेन ए-खायेलित्शा’, २००५ साली बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार घेऊन गेला. नावातला ‘ए’ म्हणजे आपला सप्तमीचा ‘त’. ‘पुण्यात’ म्हणावं तसं, ‘कार्मेन खायेलित्शात’. खायेलित्शा ही केप टाउनबाहेरची टाउनशिप. वर्णभेदाच्या राजवटीने कृष्णवर्णीयांना शहरापासून दूर ठेवण्यासाठी वसवलेल्या वस्तीला टाउनशिप म्हणतात. ही १९८०च्या दशकातली. २०११च्या जनगणनेत इथे सुमारे ३ लाख ९० हजार माणसं होती.

इथे शिपायाचा पोलीस झाला. हा बदल वरवर सोपा वाटतो, पण टाउनशिपमध्ये पोलिसाच्या गणवेशाला इतिहास आहे. १९८०च्या दशकात तोच गणवेश दारं तोडून घरात शिरायचा. १९९४नंतर, वर्णभेदाची राजवट गेल्यावर, तो आपल्याच सरकारचा झाला, तरी गल्लीतली नजर एका निवडणुकीने बदलत नाही. त्यामुळे त्या गणवेशातला माणूस कार्मेनवर भाळतो तेव्हा भोवतालच्या बायकांचं हसणं जरा वेगळं ऐकू येतं. सेव्हिलच्या शिपायाच्या वाट्याला हे ओझं नव्हतं.

झुंजीचं काय करायचं? खायेलित्शात बैलांशी झुंजणारा आणायचा कुठून? चित्रपटात तो झाला गायक. नाव कमावून आपल्या वस्तीत परत येणारा लुलामिले न्कोमो. वस्तीतल्या माणसांनी ज्याच्यासाठी घराबाहेर यावं असा नायक तिथे कोण, हा प्रश्न रूपांतरकाराने विचारला आणि उत्तर मिळालं: गाणारा. बैल मात्र गोष्टीतून गेला नाही. खोसा समाजात गुरं म्हणजे संपत्ती, मान आणि पूर्वजांशी बोलण्याचं माध्यम. त्यामुळे झुंजीच्या जागी विधीचा बळी आला. गंमत म्हणजे खोसात ‘इन्कोमो’ म्हणजे गायगुरं, आणि गायकाचं आडनाव न्कोमो.

नावांचंच निघालं म्हणून एक निरीक्षण. ते माझं आहे, दिग्दर्शकाचं असेलच असं नाही. ‘इखाया’ म्हणजे घर. वस्तीचं नाव खायेलित्शा, म्हणजे ‘नवं घर’. होसेचा झाला जोंगिखाया, घराकडे लक्ष ठेवणारा. मिकाएलाची झाली नोमाखाया. वस्तीच्या आणि या दोघांच्याही नावात घर आहे. कार्मेनच्या नावात नाही.

पण भाषा बदलली की गाणं बिघडत नाही का?

ही शंका रास्त आहे. चाल एका भाषेच्या मापाने शिवलेली असते आणि दुसऱ्या भाषेचं अंग वेगळं. हिंदी गाण्याच्या चालीवर मराठी शब्द बसवताना ऱ्हस्वाचं दीर्घ होतं आणि कान टवकारतात, तसंच.

खोसाच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे, कारण ती सुरांची भाषा आहे. मराठीत ‘हो’ चढत्या सुरात म्हटलं की प्रश्न होतो, उतरत्या सुरात होकार, पण शब्द ‘हो’च राहतो. खोसात सुराच्या चढउताराने शब्दाचा अर्थच बदलू शकतो. आता चाल बिझेने लिहून ठेवली आहे. ती जिथे वर जाते तिथे शब्दाचा सूर खाली हवा असेल तर काय करायचं? उत्तर थोडं निराशाजनक आहे: पूर्ण सोय होत नाही. मिशनऱ्यांनी युरोपी चालींवर खोसा भजनं बसवली तेव्हापासून ही कुचंबणा चालू आहे, आणि ऐकणारा बराचसा अर्थ संदर्भाने लावतो. म्हणून इथे अनुवाद करणाऱ्याला नुसते शब्द येऊन भागत नाही, तोंडात गाणं असावं लागतं. कार्मेनची भूमिका करणारी पॉलिन मालेफाने ही खोसा संहिता करणाऱ्यांपैकी एक. जो शब्द लिहायचा तो स्वतःच्याच गळ्यातून काढायचा होता.

दुसऱ्या पारड्यात मात्र बरंच काही पडतं. खोसाचे शब्द स्वरावर संपतात. इटालियन गायला सोपी मानतात त्यामागे हेच कारण आहे. तोंड उघडं राहतं, सूर लांबवता येतो. मराठी गायकालाही ‘मन’मधला शेवटचा अ गाताना मुद्दाम जागा करावा लागतो, बोलताना तो गिळलेला असतो. खोसा गायकाला ती खटपट नाही.

आणि मग ते टिचके. खोसात जिभेने केलेले आवाज हीच व्यंजनं आहेत, मुख्य प्रकार तीन. एक, हळहळताना आपण दातांमागे ‘च् च्’ करून चुकचुकतो तो. दुसरा, बैल हाकताना गालाच्या कडेने काढतात तो. ‘खोसा’ नावाची सुरुवात खरं तर याच आवाजाने होते, देवनागरीत तो लिहिता येत नाही म्हणून आपण ख लिहून मोकळे होतो. तिसरा, बाटलीचं बूच उडावं तसा टाळूवरचा. आपल्याकडे पाल चुकचुकली तर सत्य म्हणतात, इथे अख्खं वाक्य चुकचुकतं. हे आवाज बिझेच्या ठेक्यात पडतात तेव्हा गायिका गाता गाता स्वतःच ताल धरते असं वाटतं. आत्या इथे पहिल्यांदा पुढे सरकून बसली.

हे गोऱ्यांचं संगीत आफ्रिकेच्या गळ्यात मारणं नाही का?

दिग्दर्शक इंग्लंडहून आलेला गोरा माणूस, तेव्हा हा आक्षेप टाळून चालणार नाही. उत्तर दोन बाजूंनी द्यावं लागतं.

पहिली बाजू त्या गळ्यांची. दक्षिण आफ्रिकेत चर्च, शाळा आणि वस्त्यांमधून समूहगायनाची जबरदस्त परंपरा आहे. स्पर्धा होतात, त्यासाठी महिनोन्महिने सराव चालतो, आणि हेंडेलसारख्या युरोपी रचनाकारांची समूहगानं तिथे पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत. ती बहुतेकदा पाच रेषांच्या स्वरलिपीवरून नाही, तर ‘डो रे मी’ची अक्षरं लिहून शिकवली जातात. मिशनऱ्यांबरोबर आलेली ही पद्धत इंग्लंडमध्ये जॉन कर्वेनने रुजवली होती. मराठी माणसाला ती लगेच कळेल, कारण तिचं तत्त्व आपल्या सरगमचंच आहे. ‘डो’ कुठल्याही पट्टीत धरा, काळी एक असो वा पांढरी चार, बाकीचे सूर त्याच्या नात्याने लागतात. पेटी किंवा पियानो नसलेल्या खोलीत चाळीस माणसं चार वेगवेगळ्या ओळी एकत्र गाऊ शकतात ती यामुळे. देशाचं राष्ट्रगीत ज्याच्यापासून सुरू होतं ते ‘न्कोसी सिकेलेल इआफ्रिका’ १८९७ साली इनोक सोंटोंगा या शिक्षकाने रचलं, ते याच परंपरेतून.

म्हणजे गळे तयार होते, दारं बंद होती. केप टाउनचं सरकारी ऑपेरागृह १९७१ला उघडलं ते फक्त गोऱ्यांसाठी, आणि १९७५पर्यंत तसंच राहिलं. त्याच्याही आधी, १९५६ साली, याच शहरातल्या इओआन ग्रुप या गोऱ्या नसलेल्या कलाकारांच्या संस्थेने सिटी हॉलमध्ये इटालियन संगीतकार व्हेर्दीचा पूर्ण ऑपेरा उभा केला होता. तेव्हा ‘लादलं’ म्हणताना जरा जपून. ज्यांना हे संगीत हवं होतं त्यांना ते मिळू दिलं गेलं नाही, ही तक्रार जास्त जुनी आहे.

दुसरी बाजू खुद्द संगीताची. ‘कार्मेन’मधलं सर्वांत प्रसिद्ध गाणं हाबानेरा. ‘हाबाना’ म्हणजे क्युबाची राजधानी हवाना, हाबानेरा म्हणजे तिकडचा ठेका. बिझेने ती चाल लोकगीत समजून उचलली. नंतर कळलं की ती सेबास्तियान इरादिएर या स्पॅनिश संगीतकाराची आहे, आणि मग तशी नोंद करावी लागली. इरादिएरने ठेका क्युबाकडून घेतला, आणि संगीताचे अभ्यासक त्याचं मूळ गुलाम करून क्युबाला नेलेल्या आफ्रिकी माणसांच्या तालात शोधतात. आफ्रिका ते क्युबा, क्युबा ते स्पेन, स्पेन ते पॅरिस, पॅरिस ते खायेलित्शा. आत्याला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे लेक माहेरी आली म्हण की.” मला वाक्य आवडलं, पण ते थोडं जास्तच गोड आहे. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतून नेलेला ताल दक्षिण टोकाला परत आला तर ते माहेर नव्हे, फार तर आजोळ.

संगीतच टाकून दिलं तर?

हेही झालंय. सेनेगलच्या जोसेफ गाई रामाकाने २००१ साली ‘कार्मेन गेई’ केला तेव्हा बिझेला जवळजवळ निरोपच दिला. त्याऐवजी साबार हे तिथले ढोल आणि अमेरिकन सॅक्सोफोनवादक डेव्हिड मरे यांचं जॅझ. चित्रपट सुरू होतो राजधानी डाकारसमोरच्या ‘गोरे’ नावाच्या बेटावर, बायकांच्या तुरुंगात. हे गुलामांच्या व्यापाराचं आज प्रतीक झालेलं बेट, तेव्हा कार्मेनने तिथून निसटणं ही नुसती कैद्याची सुटका उरत नाही. तिच्या प्रेमात पडणारी पहिली व्यक्ती तुरुंगाची अधिकारी आहे आणि ती स्त्री आहे.

दिग्दर्शकाने खांबच पाडले, त्यामुळे जागा भरपूर मिळाली. नवीन धोकाही मिळाला. चित्रपटातल्या एका अंत्ययात्रेच्या दृश्यात मुरीद या सूफी पंथाच्या संस्थापकाची पवित्र रचना वापरली होती. मरण पावलेली व्यक्ती ख्रिस्ती, आणि स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री. पंथाचे अनुयायी चिडले, निदर्शनं झाली आणि डाकारमध्ये चित्रपट उतरवावा लागला. उसन्या चालीला आजूबाजूच्या कुणाची भावना चिकटलेली नसते, स्थानिक गाण्याला असते. एखादा अभंग भलत्या प्रसंगाला लावला तर आपल्याकडे काय होईल, याची कल्पना मराठी वाचकाला वेगळी द्यायला नको.

जुनी गोष्ट आजच्या काळात खरी वाटते का?

माझ्या मते सगळ्या खटाटोपाचं मर्म या प्रश्नात आहे.

सेव्हिलच्या ज्या तंबाखूच्या कारखान्यात कार्मेन काम करायची तिथे आता विद्यापीठ आहे. पुच्चिनीच्या ‘ला बोएम’मधले कंगाल कलावंत पॅरिसच्या ज्या माळ्यावरच्या खोल्यांत थंडीने काकडायचे, त्यांची भाडी आजच्या कंगाल कलावंताला परवडत नाहीत. युरोपात हे ऑपेरे पाहताना प्रेक्षकाला ‘तेव्हा असं असायचं’ म्हणत स्वतःला समजवावं लागतं.

डॉर्नफर्ड-मेने २०१५ साली ‘ला बोएम’ही खायेलित्शात नेला. १८९६च्या या ऑपेऱ्यात मिमी क्षयाने मरते. शंका अशी: क्षय आता बरा होतो, मग मिमी मरेल कशी? पॅरिसमध्ये या शंकेला उत्तर नाही. खायेलित्शात ती शंका कुणी काढणार नाही. एचआयव्ही आणि क्षय यांनी मिळून त्या वस्तीत काय केलं ते लोकांनी पाहिलं आहे. औषध अस्तित्वात असणं आणि वेळेवर रोग्यापर्यंत पोहोचणं, यांत किती अंतर असतं हे आपल्यालाही माहीत आहे. जगातले सर्वाधिक क्षयरोगी भारतात आहेत. चित्रपटाच्या नावात ‘उम्फेफुम्लो’ हा खोसा शब्द आहे. त्याचा अर्थ श्वासही होतो आणि आत्माही. मराठीत त्याला शोधावं लागत नाही, आपल्याकडे ‘प्राण’ आहे.

इथे एक घसरण टाळायला हवी. ‘म्हणजे आफ्रिका अजून एकोणिसाव्या शतकात आहे’ असा याचा अर्थ नाही. खायेलित्शा मागास राहिलेलं जुनं गाव नव्हे. आधुनिक सरकारने नकाशा काढून, कायदे करून, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसवलेली ती वस्ती आहे. तिथली गरिबी आजची आहे, आणि ऑपेऱ्याला त्या आजच्या गरिबीत खरी जमीन सापडते.

कार्मेनच्या तोंडी शेवटच्या अंकात एक ओळ आहे: ती स्वतंत्र जन्मली आणि स्वतंत्र मरेल. १८७५च्या पॅरिसमध्ये ही एका बेफिकीर बाईची मिजास वाटली असेल. दक्षिण आफ्रिकेत १९९४नंतर जन्मलेल्या पिढीला ‘बॉर्न फ्री’, जन्मतः स्वतंत्र, असं चक्क नाव आहे. तिथे ही ओळ कुणी म्हणू लागलं की ऐकणाऱ्याला दुसरंच काहीतरी ऐकू येतं.

आणि शेवटचा खून?

सर्वांत अवघड प्रश्न हा, आणि मला त्याचं पूर्ण समाधान करता येत नाही. सोडून जाणाऱ्या बाईला मारणारा पुरुष, आणि त्यावर इतकं सुंदर संगीत. स्त्रियांच्या हत्यांविरुद्ध दक्षिण आफ्रिकेत २०१९ साली हजारो लोक केप टाउनमध्ये संसदेवर चालून गेले होते. अशा देशात ही गोष्ट नेऊन ठेवणं म्हणजे त्या हिंसेला सोनेरी चौकट देणं नाही का?

एक खरं, की रंगमंचावर भरजरी कपड्यांत हा खून झाला की प्रेक्षक टाळ्या वाजवतो आणि जेवायला जातो. टाउनशिपमध्ये, पोलिसाच्या हातून, ओळखीच्या गल्लीत झाला की ‘प्रेमापायी’ हा शब्द जिभेवर येत नाही. संगीत तेच असूनही ते होसेच्या बाजूने बोलेनासं होतं. आत्याने त्या दृश्यानंतर एवढंच म्हटलं: “हे आपल्याकडे पेपरात आतल्या पानावर असतं.”

मग नाटक कुणाचं?

लंडनमध्ये १७२८ साली ‘भिकाऱ्याचा ऑपेरा’ नावाचा एक ऑपेरा आला. बरोबर दोनशे वर्षांनी बर्लिनमध्ये नाटककार ब्रेख्तने त्याचा ‘तीन पैशांचा ऑपेरा’ केला. त्यावरून नायजेरियात वोले शोयिंकाने १९७७ साली आपला ऑपेरा लिहिला, आणि पुढच्याच वर्षी पुण्यात पु. ल. देशपांड्यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ उभा राहिला. लंडनचे चोर कुठे नायजेरियाच्या ढंगात बोलले, कुठे मराठीत. तो तमाशा पाहताना ‘हे मूळचं कुणाचं’ असं तुला कधी वाटलं होतं का, असं मी आत्याला विचारलं. ती म्हणाली, “गाणी पाठ झाली होती, विचारायला वेळ कुठे होता?”

चित्रपट पाहायला बसलात तर एक करा. इंग्रजी उपशीर्षकं लावावी लागतील, पण हाबानेरा सुरू झालं की ती वाचू नका. कार्मेन काय म्हणते ते नंतर कळेल. आधी जिभेचे टिचके मोजा, आणि ते ठेक्याच्या कुठल्या मात्रेवर पडतात ते ऐका.